दोन पांढऱ्या गाड्या आणि एक धुकं

"आपली व्हॅन घाट चढीन का?" निताने विचारलं आणि देवमनने चहाची बशी खाली ठेवली.

मंगरूळपीरला देवमनचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान होतं. दुकानापुढे उभी राहणारी ती व्हॅन कित्येक वर्षं युरियाची पोती ओढत आली होती. तिच्याबद्दल कुणी शंका घेतली की देवमनला ती स्वतःच्या तब्येतीबद्दल घेतल्यासारखी वाटे.

"काहून नाही चढीन?"

"मागच्या महिन्यात कारंज्याच्या पुलावर मी अन् संस्कृती उतरून धकलत होतो. तो त घाट बी नव्हता."

स्वातंत्र्यदिनाला लागून शनिवार-रविवार आला होता. निता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. झेंडावंदन आटोपलं की ती मोकळी होती. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण चिखलदरा पाहिला नाही, हे ती दर पावसाळ्यात एकदा म्हणे. यंदा देवमन चुकून 'जाऊ' म्हणून बसला होता. त्यात निताची आई पंचफुलाबाई इंझोरीहून राहायला आली होती. तिला एकटीला घरी ठेवणं शक्य नव्हतं.

"पप्पा, क्रॉसओव्हर घेऊ न भाड्यानं," कॉलेजात शिकणारी संस्कृती मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली. "कारंज्याचे गोविंदाकाका देतात. आपली आपण चालवाची."

"कोनती ओव्हर?" पंचफुलाबाईंनी विचारलं.

"क्रॉसओव्हर, आजी. कार बी नाही अन् जीप बी नाही. दोन्हीच्या मधातली."

पंचफुलाबाईंनी क्षणभर विचार केला. "घोडं बी नाही अन् गदड बी नाही. मंग खच्चर म्हना न सरळ."

शनिवारी सकाळी हे खच्चर ताब्यात घ्यायला सगळे एसटीने कारंज्याला गेले. गोविंदाच्या अंगणात पांढरीशुभ्र गाडी धुऊन उभी होती. आरशाला लिंबू-मिरची आणि सीटला पिवळी कव्हरं. देवमनने तिला भोवती एक चक्कर मारली आणि म्हैस विकत घ्यायला आल्यासारखी तिच्या पाठीवर थाप मारली.

"अशीच दुसरी बी आहे आपल्याकडे, जुळी बहीन," गोविंदा कौतुकाने म्हणाला. "ते सकाळीच गेली एका साहेबासोबत. ते बी चिखलदऱ्यालेच गेले." त्याने देवमनच्या हातावर काळ्या साबणाच्या तुकड्यासारखं काहीतरी ठेवलं. "हे चावी."

"कुठी खुपसाची?"

"खुपसाचीच नाही. खिशात ठेवाची. ब्रेकवर पाय ठेवा अन् हे बटन दाबा."

"गाडी चालू कराले ब्रेक?" देवमन थांबला. "अरे, थांबवाची का चालू कराची?"

त्याने बटण दाबलं. काहीच आवाज आला नाही म्हणून पुन्हा दाबलं. गोविंदा म्हणाला, "भाऊ, चालू झालती. तुमी बंद केली." देवमनने तिसऱ्यांदा दाबलं, तेव्हा ब्रेकवरचा पाय निघाला होता. गाडीने पडद्यावर इंग्रजीत काहीतरी लिहिलं आणि टूं टूं करायला लागली. अखेर गोविंदाने स्वतः बसून ती सुरू करून दिली. त्याच क्षणी देवमनने मनाशी ठरवून टाकलं की आता ही चालू झाली आहे ना, तर मुक्कामाला पोचेपर्यंत तिला बंद म्हणून करायचं नाही.

गाडी वाटेत सारखी बोलत होती. पंचफुलाबाईंनी बेल्ट लावायला नकार दिला म्हणून टूं टूं. सीटवर ठेवलेल्या चिवड्याच्या डब्याला ती माणूस समजली म्हणून टूं टूं. अमरावती मागे पडेपर्यंत सगळ्यांना त्या आवाजाची सवय झाली, जशी देवमन आणि निताच्या भांडणाची घरात सगळ्यांना होती. भांडणाला विषय लागत नसे. काच खाली घ्यायची की वर, परतवाड्याला चहा प्यायचा की नाही, समोरचा ट्रक वळणार आहे की त्याचा दिवा उगाच लागला आहे, काहीही चाले. पंचफुलाबाई मागच्या सीटवर शाल डोक्यावरून घेऊन झोपून गेल्या.

घाट सुरू झाला तसं धुकं उतरलं. चिखलदऱ्याच्या पहिल्या पॉइंटवर तर ते इतकं दाट होतं, की दरी कुठल्या बाजूला आहे हेही पाटी वाचून कळत होतं. सुट्टीची गर्दी तुफान. रस्त्याच्या कडेला गाड्यांची रांग लागली होती आणि धुक्यात त्या सगळ्याच पांढऱ्या दिसत होत्या.

"माय, उतरतं न?" निताने विचारलं.

"काय पाहाचं आहे?"

"धुकं."

"ते खिडकीतूनच दिसून राह्यलं," शालीतून आवाज आला. "अन् ते गरम हवा चालू राहू द्या. मले थंडी वाजते."

देवमनला तेच हवं होतं. त्याने गाडी चालूच ठेवली, चावी खिशात असल्याची खात्री केली आणि दार लोटून तो उतरला. मागे गाडी टूं टूं करत राहिली. कुणी लक्ष दिलं नाही.

पॉइंटवर लोक कठड्याला टेकून पांढऱ्या शून्यात बघत होते आणि त्याचे फोटो काढत होते. तिघांनी भुट्टे खाल्ले. इतक्यात शिट्टी वाजली. वरून एसटी येत होती, रस्ता अडला होता आणि धुक्यातून एक पोलीस हवालदार प्रत्येक पांढऱ्या आकृतीवर काठी आपटत ओरडत होता, "काढा गाडी! काढा, काढा!"

तिघं धावले. चालू असलेली, पिवळ्या कव्हरांची, लिंबू-मिरचीची पांढरी गाडी समोर होती. मागे शालीचं गाठोडं जसंच्या तसं झोपलेलं होतं. संस्कृती त्याच्या शेजारी बसली आणि कानात मोबाइलची बोंडं घालून तिने डोळे मिटले. देवमनने गाडी काढली. गाडी पुन्हा टूं टूं करायला लागली.

"बेल्ट लाव," देवमन म्हणाला.

"लावलाच आहे. तुमचा पाहा."

पुढे फाटा आला. निता म्हणाली, लॉज डावीकडे आहे. देवमन म्हणाला, उजवीकडे. ती म्हणाली, लॉजवाल्याशी फोनवर कोण बोललं होतं? तो म्हणाला, गाडी कोण चालवून राह्यलं? गाडी उजवीकडे वळली आणि मग बराच वेळ लॉज तर नाहीच, पण एक घरही लागलं नाही. त्या वेळात भांडण लॉजवरून निताच्या भावाच्या लग्नात देवमनने चुकीच्या गावी नेलेल्या वऱ्हाडापर्यंत जाऊन पोचलं.

"डावीकडंच जाले पाहिजे होतं," मागून एक भारदस्त आवाज आला. "बाईचं बरोबर होतं."

"पाह्य!" देवमन उसळला. "आता मॅप बी तुह्याच बाजूनं बोलून राह्यला!"

"मशीनले समजते. तुमाले नाही समजत," निता सुखावून म्हणाली.

संस्कृतीने कानातलं एक बोंड काढलं. "मॅप कुठी चालू आहे? इथं रेंजच नाही."

टूं टूं तेवढं चालू होतं.

"अन् मॅप," देवमन हळूच म्हणाला, "वऱ्हाडीत कधीपासून बोलाले लागला?"

तिघांनी एकदम मागे वळून पाहिलं. शाल खाली सरकली होती. आत पंचफुलाबाई नव्हत्या. पांढऱ्या झुपकेदार मिशांचा, काळा चष्मा लावलेला एक म्हातारा होता. संस्कृती किंचाळली. देवमनने करकचून ब्रेक मारला आणि गडबडीत, दिवसभर ज्याला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं, ते बटण दाबून टाकलं. गाडी गप्प झाली.

"माही माय कुठी आहे?" निताने विचारलं.

"ते मले कसं माहीत असन, पोरी?" म्हातारा शांतपणे म्हणाला. "मी ग्यानबा, मानोऱ्याकडचा. जय भीम."

"जय भीम, काका," देवमनच्या तोंडून सवयीने निघालं. "पन तुमी आमच्या गाडीत कसे?"

"मले वाटते तुमीच माह्या गाडीत आहात. हे पाहा, माही थैली, माही काठी. हे गाडी आमच्या प्रसेनजितनं कारंज्याहून आनली."

देवमनला गोविंदाने सांगितलेली जुळी बहीण, म्हणजे ती दुसरी गाडी, आठवली.

"अवो, पन इतका वेळ चूप काहून बसले तुमी?" निता रडकुंडीला आली.

"झोपलो होतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त हा चश्मा. त्यातून तसे बी मले सारे सारखेच दिसतात. उठलो त भांडन चालू होतं. म्हटलं, प्रसेनजित अन् स्नेहा त कधी भांडत नाहीत, आज काय झालं? मंग समजलं का हे आपले नाहीत. पन तोपर्यंत तुमचं भांडन अशा ठिकानी आलं होतं, का मधातून उठवलं नाही."

देवमनने बटण दाबलं. गाडीने इंग्रजीत एक ओळ लिहिली.

"चावी सापडत नाही म्हणते," संस्कृतीने वाचलं.

"हे काय माह्या हातात!"

"पप्पा, ते त्या गाडीची आहे. या गाडीची चावी या काकांच्या पोराच्या खिशात असन. म्हणून त कवाची टूं टूं करून राह्यली. चालू होती तोपर्यंत चालली. आता नाही होत."

"मंग माय?" निताचा आवाज चिरकला. "माय त्या गाडीत एकटी आहे! उतरली असन त? धुक्यात आपल्याले धुंडाले निघाली असन त? तिथं कठड्याचा एक कोपरा तुटलेला होता, मी पाह्यला!"

देवमनला एरवी यावर काहीतरी सुचलं असतं. आज त्याला फक्त तो तुटलेला कोपरा दिसला. मोबाइलला रेंज नव्हती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं आणि ग्यानबा एकटेच निवांत होते. त्यांनी थैलीतून मुरमुऱ्याची पुडी काढून संस्कृतीपुढे धरली होती.

तेवढ्यात धुक्यातून एसटीचे दिवे उगवले. देवमन रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभा राहिला.

"तुमी इथंच राहा," तो निताला म्हणाला. "मी पाह्यतो."

"बराबर गाडीत बसजा," निता म्हणाली. आणि या वेळी त्याने उलट उत्तर दिलं नाही.

एसटी पॉइंटवर थांबली, तेव्हा देवमन उडी मारून हवालदाराकडे धावला. कठड्याजवळ कुणी म्हातारी दिसली का? पांढऱ्या गाडीतली? हवालदाराने डोक्यावरची टोपी मागे सरकवली.

"म्हातारीचं माहीत नाही. एक पांढरी गाडी खालच्या वळनावर बंद पडली म्हणतात. तिचा मालक आताच जीपमधी बसून वर गेला, त्याचे वडील हरवले म्हणून. रडतच होता बिचारा."

एसटी खालीच जात होती. वळणावर देवमन उतरला. खरंच, पांढरी गाडी होती. उघड्या दारात एक तरुण बाई काळजीने बोटं मोडत उभी होती आणि मागच्या सीटवर पंचफुलाबाई पाय पसरून, मांडीवर कागद घेऊन कांद्याची भजी खात बसल्या होत्या. देवमनला आयुष्यात पहिल्यांदा सासूला पाहून भरून आलं.

"मामी! तुमी बऱ्या आहात न?"

"मले काय धाड भरली?" पंचफुलाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "तुमी कायले आले, जवाई? अन् डायव्हर कुठी गेला?"

"कोन डायव्हर?"

"तुमीच लावला न? चष्मेवाला? लय चांगला चालवतो बाप्पा. खड्डा आला त आधी सांगतो, 'सांभाळून बसा.' अन् हे पोरगी त्याची बायको, मले वाटलं सैपाकाले आनली."

ती पोरगी, म्हणजे स्नेहा, कसनुसं हसली. वाशिमला ती बँकेत नोकरीला होती. "काका, आमच्या बाबांना पाह्यलं का? आमी पॉइंटवर गाडी चालूच ठेवली होती, त्यायले थंडी वाजून राह्यली म्हणून. मंग पोलिसाची शिट्टी झाली, घाईत हेच गाडी आनली, अन् इथं बंद केली त चालूच होईना."

"तुमचे बाबा मजेत आहेत. मुरमुरे खाऊन राह्यले," देवमन म्हणाला. स्नेहा मटकन सीटवर बसली आणि पदराने डोळे पुसू लागली.

देवमनच्या खिशातल्या चावीला गाडीने ओळखलं. पहिल्याच दाबाला ती सुरू झाली. मामी आणि स्नेहाला घेऊन तो वर निघाला. तिकडे प्रसेनजितही जीपने वर पोचला होता, आपल्या वडिलांच्या गळ्यात पडला होता आणि आता निता, संस्कृती आणि ग्यानबांना घेऊन खाली निघाला होता. दोघांपैकी कुणालाच हे माहीत नव्हतं.

पॉइंटच्या अलीकडे धुक्यातून एक पांढरी गाडी एकदम समोर आली. दोघांनी जोरात हॉर्न वाजवला. देवमनने काच खाली करून ओरडून सांगितलं, "आपल्या बाजूनं चालव न बे!" पलीकडूनही कुणीतरी तसंच काहीतरी म्हणालं आणि गाडी निघून गेली.

"काका," स्नेहा म्हणाली, "ते आमची गाडी होती."

"तुमाले कसं समजलं?"

"तुमाले शिव्या देणारी बाई तुमचीच वाटते. 'अवो, दिसत नाही का' म्हणाली."

देवमनने मोठ्या कष्टाने गाडी वळवली आणि खाली पिटाळली. खाली प्रसेनजितला रिकामं वळण सापडलं, निताला तो आवाज उशिरा ओळखू आला आणि तोही गाडी वळवून वर निघाला. अर्ध्या रस्त्यात दोन पांढऱ्या गाड्या पुन्हा एकमेकींच्या अंगावरून गेल्या. या वेळी दोन्ही गाड्यांतून सगळ्यांनी हात बाहेर काढून 'थांबा, थांबा' केलं, आणि दोन्ही गाड्या थांबायला जागा शोधत पुढे निघून गेल्या.

शेवटी हवालदाराने प्रसेनजितला पॉइंटवर अडवलं आणि तिथेच उभं केलं. थोड्या वेळाने देवमन आला, त्यालाही उभं केलं. "सारे लोक धुकं पाहाले येतात," तो काठी काखेत मारत म्हणाला, "तुमी दोघंच फक्त रस्ता पाहून राह्यले. उतरा अन् आपापली मानसं मोजून घ्या."

माणसं मोजून झाली. निता आईच्या गळ्यात पडली, स्नेहा सासऱ्यांच्या पाया पडली. प्रसेनजित, वीज कंपनीतला सालस इंजिनियर, देवमनची परत परत माफी मागत राहिला आणि देवमन त्याची. दोघांनी चाव्या काढून एकमेकांना दाखवल्या, मग उगाच घाबरून झटकन आपापल्या खिशात घातल्या. लॉजही एकच निघालं. पुढे-मागे राहून जायचं ठरलं.

"चाल माय, बस," निता म्हणाली.

पंचफुलाबाई हलल्या नाहीत. "मी डायव्हरच्या गाडीत बसतो."

"माय, ते डायव्हर नाही, साहेब आहेत!"

"मंग त अजूनच चांगलं. साहेब असून गुमान चालवतो. अन् त्याइच्या गाडीत गाने लावतात, दोघं मिळून म्हनतात. तुमच्या गाडीत मले कारंज्यापासून चिवडा पचला नाही."

निताचा चेहरा पडला. प्रसेनजित हसून म्हणाला, "येऊ द्या न ताई आजीले. बाबा, तुमी समोर बसा आता."

पण ग्यानबा काठी टेकत टेकत देवमनच्या गाडीकडे निघाले होते. "मी इकडं बसतो. हे पोरगं घेऊन जाईन मले लॉजपर्यंत."

"बाबा, काहून? आमचं काही चुकलं का?" स्नेहा कासावीस झाली.

"तुमचं कधीच काही चुकत नाही, पोरी. तेच त." ग्यानबा चाचपडत मागच्या सीटवर बसले. "प्रसेनजितची माय भागिरथा होती तोवर आमच्या घरात सकाळी चुलीसंगं भांडन पेटे. मी म्हनो पूर्व, ते म्हने पश्चिम. ते गेली तसं घर एकदम चूप झालं. हे दोघं हळू आवाजात बोलतात, मले विचारून चहा करतात. चांगली पोरं आहेत. पन आज कानाले जरा बरं वाटलं."

प्रसेनजितने खाली वाकून वडिलांच्या पायांवर शाल नीट केली आणि तो आपल्या गाडीकडे गेला. त्याच्या गाडीतून लगेच गाण्याचा आवाज आला. त्यात तिसरा आवाज पंचफुलाबाईंचा होता आणि तो सगळ्यांत वर होता.

देवमनने गाडी काढली. मागे परका वडीलधारा माणूस बसलेला. त्यात तो हे असं बोललेला. दोघं नवरा-बायको पाहुण्यांच्या घरी बसल्यासारखे सरळ बसले होते. फाटा जवळ आला. निताने तोंड उघडलं आणि मिटलं.

"काहून चूप बसले?" मागून ग्यानबा म्हणाले.

"काही नाही, काका," दोघं एकदम म्हणाले.

गाडी तशीच थोडी पुढे गेली. मग न राहवून निता अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "डावीकडे घ्या."

"डावीकडेच घेऊन राह्यलो. पन हा डावीकडचा फाटा तो नाही."

"मंग कोनता आहे? डावीकडे डावीकडेच असते न?"

"धुक्यात तुले काय दिसते? तू शाळेत नकाशा उलटा लावते, माहीत आहे मले."

"मी? अन् वऱ्हाड कोनं नेलं होतं दुसऱ्याच गावी?"

"ते पाटी उलटी होती! काका, आता तुमीच सांगा, कोनाचं बराबर आहे?"

ग्यानबांनी शाल हनुवटीपर्यंत ओढली, पाय लांब केले आणि डोकं मागे टेकलं.

"बाईचंच बराबर आहे," ते समाधानाने म्हणाले. "पन तू एवढ्यात मानू नको, बापू. लय रस्ता बाकी आहे."